वजनकाट्याजवळ बोलताना: विदर्भातील जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

माननीय महोदय,

आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर, उपकेंद्रांतले समुदाय आरोग्य अधिकारी, सिस्टरताई, आशाताई, आपणा सर्वांनाही नमस्कार.

मी वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या एका खेड्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासायची शिबिरं आता गावोगाव होतात. ती हवीच आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या शिबिरांत अंगानं जाड असलेल्या बाईला जी वागणूक मिळते ती थांबवा, एवढं मागायला हे पत्र लिहिते आहे. ती का थांबवायची याचं कारण निव्वळ सौजन्याचं नाही. विज्ञानही तेच सांगतं, आणि पत्राचा बराचसा भाग त्याबद्दलच आहे.

काय होतं ते आपल्याला ठाऊक असेल, तरी सांगते. समाजमंदिरात काटा मांडलेला असतो. रांगेत सासवा असतात, सुना असतात, बाहेर ओट्यावर दीर-भासरे बसलेले असतात. बाई काट्यावर चढली की आकडा मोठ्यानं वाचला जातो आणि पाठोपाठ एक वाक्य येतं, "तोंड आवरा जरा बाई." सगळे हसतात. माझ्या एका विद्यार्थिनीची आई मला म्हणाली, "म्या एकच टाइम जेवतो मॅडम, तरी मलेच बोलतेत." ती आता शिबिराला येत नाही. तिच्या आईला शुगर होती, मोठ्या भावाला आहे. म्हणजे जिची तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी, तीच घरी बसली आहे.

विदर्भाचा विषय निघाला की आरोग्य खात्याच्या डोळ्यांसमोर मेळघाटातलं कुपोषण येतं, आणि ते यायलाच हवं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातल्या शंभरातल्या जवळपास २० स्त्रिया जादा वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या. हा आजार शहरी, आरामातल्या लोकांचा आहे असं म्हणून आता चालणार नाही. कापूस वेचणारी बाईसुद्धा जाड असू शकते, आणि ती आळशी नसते.

मग काय असतं? आनुवंशिक आजार म्हणजे काय हे आपल्या भागाला सिकलसेल या रक्ताच्या आजारानं शिकवलं. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एकच अक्षर बदलतं. आईबाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. हे आमच्या नववीच्या पोरांनाही तोंडपाठ आहे. सोयरीक जुळवताना सिकलसेलचं कार्ड विचारणारी घरं आता दिसतात, ते फार मोठं काम आपल्याच खात्यानं केलं. मात्र त्यातून एक समज पक्का बसला की रक्तातून आलेलं ते ठरलेलं, त्याला इलाज नाही. लठ्ठपणाच्या बाबतीत त्यामुळे दोन टोकं झाली आहेत. कुणी म्हणतं, "खाते म्हणून वाढते." कुणी म्हणतं, "आमच्या घराण्यातच आहे, काही करून उपयोग नाही." पहिलं वाक्य शिबिरात ऐकू येतं, दुसरं घरात. दोन्ही चूक आहेत.

घराण्याचा वाटा किती, याचा पुरावा जुना आहे. डेन्मार्कमध्ये लहानपणी दत्तक गेलेल्या ५४० माणसांचा अभ्यास अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९८६ साली प्रसिद्ध केला. मोठेपणी या माणसांच्या शरीराची ठेवण त्यांच्या जन्मदात्या आईबापांशी जुळत होती. ज्यांच्या घरात वाढले, ज्यांच्या ताटात जेवले, त्यांच्याशी जुळत नव्हती. चार वर्षांनी, १९९० मध्ये, कॅनडातल्या क्लोद बूशार यांनी जुळ्यांच्या १२ जोड्या घेतल्या. सगळे तरुण, प्रत्येक जोडी हुबेहूब सारखी. शंभर दिवसांच्या काळात, आठवड्यातले सहा दिवस, प्रत्येकाला गरजेपेक्षा रोज १००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. सरासरी वजन ८.१ किलोनं वाढलं. पण कुणाचं ४.३ किलो वाढलं आणि कुणाचं १३.३ किलो. आणि एका जोडीतले दोघे भाऊ बरेचसे सारखेच वाढले.

हा प्रयोग मी वर्गात सांगते तेव्हा मुलं गप्प होतात, कारण प्रत्येकाच्या घरात असं एक माणूस असतं. तेवढंच अन्न, तेवढीच देखरेख, आणि वाढीत तिपटीचा फरक. ज्या बाईचं शरीर तेरा किलोच्या बाजूचं आहे तिला चार किलोवाल्या बाईनं "तोंड आवर" म्हणायचं, हा कुठला न्याय?

माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ४० ते ७० टक्के असल्याचं अशा अभ्यासांवरून मानलं जातं. हा आकडा मोठा आहे, पण तो एका जनुकाचा नाही. २०१८ पर्यंत वजनाशी जोडलेल्या ९०० हून अधिक जागा आपल्या गुणसूत्रांवर सापडल्या होत्या, आणि त्या सगळ्या मिळून माणसामाणसांतल्या बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानानं असलेल्या वजनाच्या, फरकातला जेमतेम ६ टक्के भाग उलगडत होता. त्यातलं सर्वांत गाजलेलं जनुक एफटीओ, त्याचा वजनाशी संबंध २००७ मध्ये सापडला. त्याची जोखमीची प्रत आईकडून आणि बापाकडून अशी दोन्हीकडून आलेली युरोपातली माणसं ती एकीकडूनही न आलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलो जड निघाली. तीन किलो, तीस नव्हे. सिकलसेलसारखा सरळ हिशेब इथे बसत नाही. थोडं इकडचं, थोडं तिकडचं असं शेकडो ठिकाणांहून येतं आणि शरीराचा कल ठरतो.

या जनुकांपैकी बरीचशी काम करतात ती मेंदूत. भूक केव्हा लागावी, किती खाल्ल्यावर पोट भरल्यासारखं वाटावं, पुढ्यात आलेलं ताट किती खुणवावं, हे ठरवणाऱ्या भागात. भुकेच्या या यंत्रणेचा धागा १९९४ मध्ये हाती लागला. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या संप्रेरकाचं जनुक सापडलं. शरीरातल्या चरबीतून निघून मेंदूला "साठा आहे, आता पुरे" असं कळवणारं हे संप्रेरक. १९९७ मध्ये केंब्रिजच्या सदफ फारुकी, स्टीफन ओराहिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातली दोन चुलत भावंडं तपासली. आठ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो आणि दोन वर्षांच्या मुलाचं २९ किलो. दोघांच्याही शरीरात लेप्टिन बनतच नव्हतं. सतत भूक, जेवण झाल्या झाल्या पुन्हा भूक. पुढे लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर त्या मुलीची भूक आवाक्यात आली आणि वजन उतरत गेलं. तोवर त्या आईबापांनी लेकरांच्या खाण्यावरून किती बोलणी ऐकली असतील याचा विचार मी नेहमी करते.

अशी एका जनुकाच्या बिघाडाची मुलं फार थोडी असतात. मेंदूतल्या एमसी४आर या जनुकाचा दोष त्यातल्या त्यात जास्त आढळतो, तरी तोही विरळाच. पण खेड्यात अशी मुलं शोधायची सोय आपल्याकडे तयार आहे. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, वाढीचा तक्ता भरला जातो. त्या तक्त्यात आपण फक्त खाली घसरणारं मूल पाहतो. वर्ष-दीड वर्षाच्या वयापासून एकदम वर जाणारं आणि भुकेनं सतत रडणारं मूल दिसलं तर अंगणवाडी सेविकेनं "गुटगुटीत आहे" म्हणून कौतुक करून सोडू नये. आईबाप जवळच्या नात्यातले असतील तर मुळीच नाही. अशा मुलाला सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकलला पाठवा. एवढी एक ओळ सेविकांच्या प्रशिक्षणात घालता येईल.

आता वजन कमी करण्याबद्दल. तालुक्याच्या ठिकाणी पावडरचे डबे विकणारे क्लब निघाले आहेत, आणि नागपूर-अमरावतीकडून "तुमच्या डीएनएनुसार डाएट" अशा जाहिराती मोबाइलवर येतात. सोयाबीन विकून आलेले पैसे त्यात घालणारी माणसं मी पाहिली आहेत. म्हणून हे ठासून सांगते. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांना वर्षभर दोन प्रकारच्या आहारांवर ठेवलं, एक कमी चरबीचा, दुसरा कमी पिष्टमय. २०१८ मध्ये निकाल आला. पहिल्या गटात सरासरी ५.३ किलो घटले, दुसऱ्यात ६ किलो. दोन्ही गटांत कुणाचं पंचवीस-तीस किलो उतरलं तर कुणाचं उलट वाढलं. कुणाला कुठला आहार लागू पडेल हे जनुकं पाहून आधी सांगता येईल अशी आशा होती. तसं काही दिसलं नाही. त्याआधी, २०१६ मध्ये, आठ चाचण्यांमधल्या ९,५६३ जणांची माहिती एकत्र तपासली गेली होती. एफटीओची जोखमीची प्रत असलेल्यांचं वजनही इतरांइतकंच घटत होतं.

मला या विषयातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट हीच वाटते. घराण्यातून वजन वाढायचा कल आलेला माणूस प्रयत्न करतो तेव्हा त्याला फळ कमी मिळतं असं नाही. "आमच्या घराण्यातच आहे" म्हणणाऱ्या बाईला आशाताईनं ही बाब सांगायला हवी. आणि पैसे घेऊन जनुकांवरून आहार ठरवून देणाऱ्यांच्या दाव्याला आज पुरेसा आधार नाही, हे आपल्या खात्यानं आठवडी बाजारात फलक लावून सांगायला हवं. डेंग्यूचे फलक लावतो तसेच.

गावातलेच लोक मला विचारतात, जनुकं बापजाद्यांचीच आहेत, मग आजीच्या काळी एवढे लोक जाड का नव्हते? प्रश्न बरोबर आहे. उत्तर वावरात आहे. निंदणाला बायकांच्या ओळीच्या ओळी लागायच्या, तिथे आता तणनाशक फवारलं जातं. सोयाबीन हार्वेस्टरनं निघतं. पाणी नळाला आलं, दळण पिठाच्या गिरणीतून येतं, पोरं शाळेत ऑटोनं येतात. ही कष्टातून झालेली सुटका आहे आणि ती परत घ्या असं कुणी बाईला म्हणू नये. ज्वारीचा पेरा घटला, भाकरीच्या जागी रेशनच्या गव्हाची पोळी आणि भात आला, आणि सर्वांत वाईट म्हणजे पाच-दहा रुपयांचे तळलेले पुडे प्रत्येक पानठेल्यावर लटकू लागले. कल जुनाच होता, त्याला वाव आता मिळाला.

पिमा आदिवासींचं उदाहरण या बाबतीत जगभर दिलं जातं. हे एकाच रक्ताचे लोक, काही अमेरिकेच्या ॲरिझोनात, काही सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात राहतात. १९९४ मध्ये दोघांची वजनं ताडून पाहिली तेव्हा हातानं शेती करणारे मेक्सिकोतले पिमा ॲरिझोनातल्या भाईबंदांपेक्षा सरासरी २६ किलो हलके होते. एफटीओबद्दलही असंच दिसलं. २०११ मध्ये दोन लाखांहून अधिक लोकांची माहिती जोडून पाहिल्यावर, अंग हलवून काम किंवा व्यायाम करणाऱ्यांमध्ये त्या जनुकाचा परिणाम जवळपास २७ टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे तोच वारसा, पण रोजचं चालणं-फिरणं असेल तर त्याचा जोर उतरतो.

आपल्या लोकांच्या शरीराबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि काट्यावर नजर ठेवून बसणाऱ्यांची ती हमखास निसटते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये आपला एकत्र फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांत बाळंतिणींचा अभ्यास केला तेव्हा तिथली बाळं सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण चरबी तेवढी राखून ठेवलेली. पुढे हैदराबादच्या डॉ. गिरिराज चांडक यांच्यासोबत त्यांनी पुणे आणि म्हैसूरच्या लोकांमध्ये एफटीओ तपासलं. २००९ च्या त्या निष्कर्षांत हे जनुक मधुमेहाशी जोडलेलं निघालं, आणि ते केवळ वजन वाढवून मधुमेह आणतं असंही दिसलं नाही.

याचा अर्थ गावाच्या भाषेत असा की बारक्या दिसणाऱ्या माणसालाही शुगर होते. शिबिरात बारीक माणसाला "तुम्हाला काय होतंय" म्हणून पुढे ढकललं जातं आणि जाड बाईला बोल लावला जातो. एकाच टेबलावर दोघांचं नुकसान. म्हणून कंबर मोजा. आशाताई घरोघर भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका गुणांनी मोजणाऱ्या फॉर्ममध्ये, कंबरेच्या घेराचा रकाना आहे, बाईला ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाला ९० च्या वर घेर गेला की गुण पडतात. आईवडील-भावंडांत बीपी, शुगर, हृदयविकार आहे का, हाही प्रश्न त्यातच आहे. दोन्ही रकाने फार विचार करून ठेवलेले आहेत. पण आमच्याकडे घेर अंदाजानं लिहिला जातो आणि घराण्याचा प्रश्न विचारायचा राहून जातो. दोष आशाताईंचा नाही. त्यांच्या हातात एवढे फॉर्म आहेत की टेप काढायला उसंत मिळत नाही, आणि दिलेला टेप झिजून वर्ष झालेलं असतं.

ज्यांनी एकदा वजन कमी केलं आणि ते परत आलं, त्यांच्याबद्दल दोन शब्द. त्यांना सर्वांत जास्त टोमणे बसतात. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेत उतरलेल्या १४ जणांना केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनी तपासलं. बहुतेकांचं वजन पुन्हा बरंच चढलं होतं, आणि शरीर विश्रांतीत असताना जेवढी ऊर्जा जळायला हवी त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जळत होत्या. शरीर उतरलेलं वजन परत मिळवायला झटत होतं. सेमाग्लुटाइडसारखी नवी इंजेक्शनं भुकेच्या याच यंत्रणेवर काम करतात. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटलं, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी वाढलं तर आपण रुग्णाला लोभी म्हणत नाही. इथेही म्हणू नये.

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर तीन वर्षं काम केलं, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. चालणं आणि खाण्यातला बदल एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. वजन मात्र जवळपास तिथेच होतं! हे वाचल्यापासून मला काट्यावरच्या आकड्यासाठी बाईला रडवणं अधिकच असह्य झालं आहे. तिला सांगा की रोज अर्धा तास झपाझप चाल, चहातली साखर निम्मी कर, पुडे घरात आणू नको, जमेल तेव्हा भाकर आणि अंबाडीची भाजी खा. सहा महिन्यांनी काटा हलला नसेल तरी शुगर तपासा आणि ती घटली असेल तर तिला मोठ्यानं तेच सांगा.

तर मागणं एवढंच आहे. काटा पडद्याआड ठेवा आणि आकडा फक्त त्या माणसाला सांगा. प्रत्येक उपकेंद्राला चांगले टेप द्या. ज्यांच्या घराण्यात शुगर-बीपी आहे त्यांची यादी वेगळी काढून आशाताईंना आधी त्यांच्या घरी पाठवा, आणि त्या जादा फेरीचा मोबदला त्यांना द्या. डॉक्टरांच्या मासिक बैठकीत एक तास या विषयाला द्या. लठ्ठ रुग्णाशी बोलायची रीत शिकवावी लागते, ती आपोआप येत नाही. पैसा फारसा लागत नाही, परिपत्रक लागतं, आणि ते आपल्या सहीनं निघू शकतं.

आमच्या गावात पुढचं शिबिर घ्याल तेव्हा शाळेचे दोन वर्ग रिकामे करून देते, मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. बायकांच्या खोलीत पडदा आम्ही लावू. नववी-दहावीच्या मुली घेर मोजायला आणि नोंदी करायला मदत करतील, त्यांच्या अभ्यासक्रमाचाच तो भाग आहे. फक्त तारीख आठ दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि तपासणी सकाळी सातला सुरू करा. वेचणीचा हंगाम आहे, दहाच्या आत मोकळ्या झाल्या तर बायकांची रोजी बुडणार नाही.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका